तोंडी परीक्षेतलं शून्य

जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजातून मी मेहकरच्या इंग्रजी शाळेत रुजू झालो तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला बरंच काही कळतं असं मला वाटत होतं.

कॉलेजातल्या प्राध्यापकांनी एक सिद्धांत आमच्या मनावर पक्का बिंबवला होता. मूल पहिली भाषा ऐकून ऐकून शिकतं, व्याकरण पाठ करून नाही. मग दुसरी भाषाही तशीच शिकवावी. वस्तू दाखवा, हातवारे करा, इंग्रजीच बोला. वर्गात मातृभाषा आली की मुलं मनातल्या मनात भाषांतर करत बसतात आणि ती खोड जन्मभर जात नाही. मला हे इतकं पटलं होतं की पहिल्याच दिवशी मी नियम केला, माझ्या तासाला कुणी मराठी शब्द काढायचा नाही.

शेजारच्या वर्गात एक जुने मास्तर इंग्रजी शिकवत. पन्नाशी उलटलेली, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मधे नुसती लाकडी पडदी असल्यामुळे त्यांचा तास मला ऐकू येई. ते एखाद्या मुलाच्या हातात पाण्याचा पेला देत आणि विचारत, "काय करून राह्यला बे?"

"पाणी पिऊन राह्यलो."

"आता हे 'राह्यलो' इंग्रजीत कुठं गेलं, ते दाखव."

मग फळ्यावर 'ॲम' आणि 'ड्रिंकिंग' यांच्याखाली रेघा ओढल्या जात. 'मी रोज पाणी पितो' हे वाक्य वेगळं लिहिलं जाई. पुस्तकी मराठीत दोन्हीकडे 'पितो' चालतं, म्हणून माझ्या वर्गातली मुलं या दोन वाक्यांत नेहमी घोटाळा करत. त्यांची करत नसत. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. मला ऐकू येत होती ती फक्त गावंढळ बोली. देऊळगाव राजाला आमच्या घरी वडील 'मले, तुले' बोलू देत नसत.

वार्षिक तपासणीला डिपुटीसाहेब आले. ते पुण्याकडचे होते. मास्तरांच्या वर्गात ते दारातच थांबले, 'करून राह्यला' ऐकून हसले आणि त्यांच्याकडे पाहून मुलंही हसली. मास्तर खडू हातात धरून उभे राहिले. नंतर ऑफिसात साहेब मला म्हणाले, "तुम्ही ट्रेन्ड आहात. तुमचं मत लिहून द्या."

मी दीड पान लिहिलं. मातृभाषेचा, त्यातही अशुद्ध बोलीचा वापर इंग्रजी शिकण्यात अडथळा आणतो, असं त्यात होतं. दोन महिन्यांत मास्तरांची लोणारच्या मराठी शाळेत बदली झाली. इंग्रजीचा आणि त्यांचा संबंध तिथंच संपला.

जाताना ते पुस्तकं परत करायला आले होते. "तुम्ही लिहून दिलं, मले माहीत आहे," ते म्हणाले. "तुमचं खोटं नाही, मास्तर. मायच्या तोंडून ऐकूनच पोरगं शिकते. पण माय दिवसभर बोलते. तुमच्याजवळ पाऊण तास आहे."

मी नमस्कार केला. म्हातारा दुखावला आहे, एवढंच तेव्हा मनात आलं.

पुढच्या वर्षी सहामाहीला मी तोंडी परीक्षा सुरू केली. लेखी पेपरात सगळं भाषांतरच असे; त्यात मुलाला बोलता येतं की नाही ते कळत नसे. म्हणून घर, आईवडील, जेवण अशा नेहमीच्या गोष्टींवर मी पाच प्रश्न काढले. सगळ्यांना तेच प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क. मला ती फार न्याय्य परीक्षा वाटली होती.

तीन कोसांवरच्या खेड्यातून चालत येणारा एक मुलगा होता. मी विचारलं, तुझी आई कुठं आहे? 'माय मदर इज ॲट होम', एवढंच म्हणायचं होतं. आम्ही ते कित्येक महिने घोकलं होतं. तो गप्प राहिला. मी तीनदा विचारलं. पुढच्या प्रश्नांनाही त्यानं तोंड उघडलं नाही. मी शून्य लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

शाळा सुटल्यावर त्याच्याच गावची एक मुलगी व्हरांड्यात थांबली होती. "सर, त्याची माय वीस दिवसांखाली वारली."

"मग त्यानं मला सांगितलं का नाही?"

"इंग्रजीत कसं सांगावं, ते त्याले येत नाही. अन् मराठीत बोलू नका म्हणता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावलं. तो खाली बघत म्हणाला, "ते वाक्य मले येत होतं, सर. पण ते खोटं झालं असतं."

मी शून्य खोडलं. त्या जागी कोणता आकडा लिहावा, ते मला ठरवता आलं नाही. परीक्षेनं त्याचं इंग्रजी मोजलंच नव्हतं. सुतक फिटल्यापासून तो रोज माझ्यासमोर बसत होता आणि आई गेल्याचं सांगायला माझ्या वर्गात त्याला भाषा नव्हती. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत मी मोटारीनं लोणारला गेलो. मास्तरांचं घर विचारत विचारत सापडलं. दार उघडलं त्यांच्या मुलीनं. "बाबाले अर्धांगाचा झटका आला," ती म्हणाली. "बोलता येत नाही. समजते सारं."

ते बाजेवर उशीला टेकून बसले होते. मी ओळख सांगितली, तशी त्यांनी मान हलवली. मी सगळं सांगितलं; दीड पानाचं मत, तोंडी परीक्षा, तो मुलगा. "चूक माझी होती," मी म्हणालो. "मला क्षमा करा."

त्यांचं तोंड वाकडं झालं. घशातून दोन-तीन आवाज निघाले, पुन्हा तेच निघाले. डावा हात त्यांनी माझ्याकडे केला. मी मुलीकडे पाहिलं.

"काय म्हणतात?"

"मलेही नेमकं समजत नाही," ती म्हणाली. "चहा घेऊन जा म्हणत असतील."

मी चहा घेतला. ते मी उठेपर्यंत माझ्याकडे पाहत होते. माफ केलं म्हणाले, की आणखी काही विचारत होते, की खरंच चहाचंच म्हणाले, मला आजही माहीत नाही. उन्हाळ्याच्या आधीच ते गेले. मला ते फार उशिरा, लोणारहून आलेल्या एका पालकाकडून कळलं.

मी पुढे बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. तास सुरू होताना, कुणाला घरचं काही सांगायचं असेल तर सांगा, असं मी आधी मुलांच्याच बोलीत विचारत असे. बहुतेक दिवस कुणी काही बोलत नसे. मी थोडा वेळ थांबे आणि मग पुस्तक उघडायला सांगे.