शूर्पणखेचा भाऊ

नवऱ्यानं विळ्यानं नाक कापलं तेव्हा अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. विहिरीवर एका परक्या गवंड्याला तिनं पाणी पाजलं होतं, एवढंच निमित्त. तवा तसाच चुलीवर टाकून, पदराचा बोळा नाकाशी धरून ती मारुंजीहून रहाटणीपर्यंत बांधाबांधानं चालत माहेरी आली. दार मी उघडलं. मी तेव्हा चौथीत होते. रक्त पाहून मी किंचाळले, तर म्हणाली, "वरडू नगं. आदी पानी दे."

ती माझी थोरली बहीण. गेल्या महिन्यात रहाटणीतच झोपेत गेली. भेटायला येणारे हळहळतात, बिचारीनं फार सोसलं म्हणतात. सोसलं ते थोडे दिवस. पुढं ती जिंकली, ते कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते.

जखम हळदीनं भरली, शेंडा गेला तो गेलाच. वडील आधीच वारले होते, घर दादाच्या हातात. दादा वाईट नव्हता, भित्रा होता. भावकी म्हणायची, नवऱ्यानं उगाच कापलं नसेल. शिवाय धाकटीला, म्हणजे मला, आता कोण करून घेणार? मारुंजीहून निरोप आला, पोळा झाला की न्यायला येतो. दादानं बरं म्हणून कळवलं. अक्का माजघरात तोंडावर पदर ओढून पडून असायची. परत गेली तर पुढच्या वेळी गळा, हे मलासुद्धा कळत होतं.

श्रावणात मारुतीच्या देवळात दुपारी रामायणाची पोथी लागायची. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. शूर्पणखेचा अध्याय होता त्या दिवशी आई नको नको म्हणत असताना अक्का आली. लक्ष्मणानं नाक कापलं तिथं गुरुजी रंगात आले, पुरुष हसले. मागून कुणी बोललं, आपल्या गावातही एक आहे की. बायकांतही खुसखुस झाली... अक्का उठली. तोंडावरचा पदर काढून खांद्यावर घेतला. गावानं ते नाक पहिल्यांदा पाहिलं.

"गुरुजी, नाक कापल्यावर ती कुटं गेली?"

"भावाकडं," गुरुजी म्हणाले.

"त्यानं इचारलं का, तू काय केलं व्हतंस म्हून? परत धाडली का तिला?"

गुरुजी नाही म्हणाले, ते पोथीत बघूनच. एक म्हातारा मधे पडला. अगं, तो राक्षस, त्यापायी दुसऱ्याची बायको पळवली, लंका जाळून घेतली.

"त्ये चुकलंच त्येचं," अक्का म्हणाली आणि पुरुषांत बसलेल्या दादाकडं वळली. "दादा, लंका जाळून घे म्हनत न्हाई मी. घरात ठेव म्हंते. येवढं तर राक्षसानंबी केलं."

दादा उठून निघून गेला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बैलगाडी जुंपली, अक्काला शेजारी बसवलं आणि पोलीस चौकी गाठली. वाटेत लोक बघत होते, तिनं पदर पुढं ओढला नाही. पोळ्यानंतर तो नवरा दोन पाहुणे घेऊन आला. दादा उंबऱ्यात उभा. दोन्ही हातांनी चौकट धरली होती, मी मागून पाहिलं. पण बोलला, "भन न्हाई येनार. पानी प्या आन् निघा." पाणी न पिताच गेले. पुढं नवऱ्याला सजा झाली.

पिंपरीत औषधाचा कारखाना निघाला तेव्हा अक्का तिथं बाटल्या धुवायला लागली. पासासाठी फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, बाई, पदर जरा पुढं घ्या. ती म्हणाली, "हाय तसं काड." माझ्या लग्नाचे पाहुणे आले तेव्हाही मधोमध बसली. ज्यांना नाक बघवलं नाही ते गेले, ज्यांना बघवलं त्यांच्या घरी मी नांदले. बरी नांदले.

पोथी तिनं सोडली नाही. रामापुढं हात जोडायची. रावण पडला की देवळात गूळ वाटतात, तो मात्र तिनं कधी घेतला नाही. "ज्येनं बहिनीला दार उगडलं, त्येच्या मरनाचा गूळ मला गोड लागायचा न्हाई," म्हणायची. यंदाच्या श्रावणात गुळाचं ताट माझ्यापुढं आलं. मी पुढं सरकवलं.

नवरा तुरुंगातून सुटला आणि थोड्याच वर्षांत दारूनं मेला. अक्का नव्वदीला टेकली.