सोळा वर्षांची नवशिकी

मावशींना कामाला लागून तीन दिवस झाले होते. हे आपलं कागदावरचं. तशा त्या सोळा वर्षं त्याच छपराखाली, त्याच खिडकीशी, शर्टांच्या कॉलरी शिवत बसल्या होत्या. त्यांच्या स्टुलाला तर इतका नेमका खड्डा पडला होता, की दुसरी कुणी बसली की तिला घसरल्यासारखं व्हायचं.

हा सगळा चमत्कार कुंपणाचा. बाहेरचा पैसा देशात यावा म्हणून सरकारने शहराबाहेरच्या माळाला तारेचं कुंपण घातलं आणि कायदा केला. कुंपणाच्या आत जी नवी कंपनी येईल तिला आठ वर्षं कर माफ, मशिनरीवर जकात माफ. वर अननुभवी माणूस कामावर घेतला तर वर्षभर त्याचा निम्मा पगार सरकार भरणार. कंपनी आली, आठ वर्षं सुखाने नांदली आणि सवलत संपायच्या आदल्या महिन्यात बिचारी वारली. आठवड्याभरात तिच्या जागी नवी जन्माला आली. मालक तोच, मशिनं तीच, फक्त रंग ताजा. फाटकावरची निळी पाटी हिरवी झाली. बायकांनी एका टेबलावर राजीनामा दिला आणि शेजारच्या टेबलावर नोकरीचा अर्ज भरला. मध्ये अंतर चार पावलांचं. मावशी ती चार पावलं तेव्हा एकदा चालल्या होत्या, आणि परवा पुन्हा चालल्या. आता पाटी पिवळी.

दुखणं होतं ते पेन्शनचं. पेन्शनला एकाच कंपनीत सलग दहा वर्षं लागत. आठ आणि आठ सोळा हे दुसरीतल्या पोरालाही कळतं. पेन्शनच्या कचेरीला काही केल्या कळत नव्हतं. मावशींनी एक्कावन्न पार केली होती, उजव्या खांद्यातून कळ जात नव्हती, आणि कुलपं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याकडे हल्ली दिवसाला एखादंच गिऱ्हाईक फिरकायचं.

कंपनी आणि कामगार खरंच नवे आहेत का, याच्या सरकारी तपासणीच्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "आज तो तपासनीस येणार ना? विचारलं की सांगून टाक. तिन्ही कंपन्या एकच, हे एकदा सरकारी कागदावर आलं की तुझी सोळाच्या सोळा वर्षं सलग. पेन्शन पक्की."

"आणि कंपनीची सवलत गेली म्हणजे?"

"जाऊ दे की! ती काय तुझी सासू लागते?"

"सासू परवडली. रुसली तरी बिऱ्हाड उचलून दुसऱ्या देशात जात नाही."

पण सांगते म्हणाल्या. अख्ख्या वाटेभर ते वाक्य त्यांनी तोंडात घोळवलं. 'साहेब, मी इथे सोळा वर्षं आहे.' एवढंच तर होतं.

कारखान्यात सुपरवायझरची तारांबळ उडाली होती. काटकुळा आणि ताठ, म्हणून बायका त्याला छडी म्हणायच्या. सरळ टाक्यासाठी इतकी वर्षं घसा फोडणारा हा माणूस दोन दिवस उलटाच धडा देत होता. "बायांनो, तुम्ही नवशिक्या आहात! हळू चालवा. शिवण वाकडी जाऊ दे. दोरा तुटू दे."

"वाकडं शिवायचा जादा भत्ता मिळणार का?" मावशींच्या शेजारची चष्मेवाली म्हणाली.

बाकीच्यांना जमलं. मावशींचा हातच ऐकेना. सुरुवात मन लावून वाकडी करायच्या, पण चार बोटांवर शिवण आपसूक सरळ व्हायची.

छडी काकुळतीला आला. "मावशी, थोडी तरी घाण करा हो! का माझ्या पोटावर पाय देताय?"

"करतेय रे बाबा. होत नाही त्याला काय करू?"

तेवढ्यात तपासनीस आलाच. काखेत फाइल, मानेवर घामेजलेला रुमाल, आणि जिने चढून चढून कंटाळलेला चेहरा. रांगेतून चालता चालता तो मावशींपाशी थांबला. कॉलर उचलून त्याने उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"किती दिवस झाले तुम्हाला?"

मावशींनी ते वाक्य जिभेवर आणलं आणि सुईतला दोरा उगाच ओढून पाहिला.

तो जवळच्या खोक्यावर टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आठ वर्षांपूर्वी मीच आलो होतो. तुम्ही याच खिडकीत होतात. तेव्हाही तुमचा तिसराच दिवस होता."

छडीने घाईघाईने खुर्ची पुढे केली.

"मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय," तपासनीस म्हणाला. "आता कुणाची भीडभाड नाही. खरं सांगितलंत तर लिहून घेईन. पण मग सगळंच लिहावं लागेल."

एकेक मशीन थांबलं. तीनशे बायका आपापल्या सुईकडे बघत बसल्या. चष्मेवालीच्या घरात मिळवणारी ती एकटी, तीही मान वर करेना. एकीनेही डोळ्यांनी विनवलं नाही. विनवलं असतं तर मावशींना निदान राग तरी धरता आला असता.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "माझी अक्कल जरा जाड आहे. शिकायला वेळ लागतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी रांगच हसत सुटली. तपासनीस हसला नाही. त्याने कॉलरीची घडी घातली, जागच्या जागी ठेवली आणि फाइलीत मावशींच्या नावापुढे लिहिलं, 'नवीन'.

तो गेल्यावर छडी धावत आला. "मावशी, उपकार झाले तुमचे!"

"उपकार राहू देत. मला एक नवं स्टूल दे."

छडी ओशाळला. "सहा महिने थांबावं लागेल हो. नव्या माणसाला तोवर काही देता येत नाही."

संध्याकाळी नवरा दारातच उभा होता. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"नोकरी पक्की झाली."

तो काय ते समजला. बोटांवर वर्षं मोजायला लागला, तेव्हा मावशींनी त्याचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

"मोजू नकोस. इथे दाब जरा."

"इथे?"

"थोडं खाली. आणि उद्या मला अर्धा तास लवकर उठव. आठवडाभर नवशिक्यांचा वर्ग आहे."

"तुला काय शिकवणार?"

"सुईत दोरा ओवायला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.