शेवंताच्या हातचे शेंगोळे

मी घर सोडलं त्या सकाळी माझी भावजय शेवंता चुलीपुढं बसून लवंगी मिरच्या भाजत होती. दारात बैलगाडी जुंपलेली, नवऱ्याची ट्रंक चढवून झालेली, आणि घरभर मिरचीचा खाट. आबा, म्हणजे माझे वडील, उंबऱ्यात उभे राहून उपरण्यानं डोळे पुसत होते. ठसक्यानं पुसत होते की मी निघाले म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचं तर राहूनच गेलं.

आमचं गाव नेवाशाजवळचं. आई लवकर गेली, तेव्हापासून चूल माझ्याकडं होती. आबांना शेंगोळे फार आवडायचे. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं आणि वाटलेली लवंगी घालून घट्ट मळायचं, तळहातावर वळून छोटी कडी करायची, आणि तिखटजाळ उकळत्या पाण्यात सोडायची. बोटाच्या पेराएवढ्या त्या मिरचीनं अख्खं पातेलं पेटायचं. आबा घाम गाळत खायचे आणि रिकामी वाटी न बोलता पुढं करायचे. तेवढं कौतुक मला पुरायचं.

माझं लग्न भोपाळच्या कारखान्यात फिटर असलेल्या मुलाशी ठरलं. चूल थंड पडायला नको म्हणून आबांनी आधी माझ्या धाकट्या भावाचं, रघूचं, लग्न उरकून घेतलं. शेवंता अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, भंडारदऱ्याच्या अंगाची, भातावर वाढलेली. हुलगा तिला ठाऊकही नव्हता. शेंगोळे मीच तिला शिकवले. निघताना आबा एवढंच म्हणाले, “इंदे, हिकडची काळजी करू नको. शेवंता हाय.”

त्यांना मला धीर द्यायचा होता. मला मात्र ते ‘शेवंता हाय’ आमच्याकडच्या बेलापूर स्टेशनापासून मनमाडपर्यंत आणि मनमाडपासून भोपाळपर्यंत पोटात जळत राहिलं.

भोपाळात क्वार्टर मिळालं. घरात नळ, नळाला दोन्ही वेळा पाणी. शेजारच्या भाभीजी पहिल्याच फोडणीला खोकत बाहेर आल्या आणि “क्या जला रही हो?” म्हणून विचारू लागल्या. तिथली मिरची दिसायला देखणी, लांबलचक, पण नुसत्या रंगाची. हुलगा मिळेना. यांची शिफ्ट सुटायच्या आत मी कशाकशाच्या पिठाचे शेंगोळे करून पाहायचे आणि मनात यायचं, आत्ता तिकडं पाट्यापुढं शेवंता बसली असेल. माझ्या जागेवर. आबा तिच्यापुढं वाटी करत असतील.

दुष्काळ पडला तेव्हा रघू कामाच्या शोधात आमच्याकडं आला. त्याच्यासाठी मी जीव लावून शेंगोळे केले. दोन घास खाऊन तो म्हणाला, “आक्के, झालंय बरं. पन आता शेवंताच्या हाताची सवय लागलीया. आबा तर तिच्याच हातचं मागत्यात.” बिचारा सहज बोलला. त्याला कारखान्यात काम मिळालं नाही. तो परत गेला, आणि त्या उन्हाळ्यात मी माहेरी जायचा हट्ट धरला. दुष्काळात कोण माहेरपणाला जातं, असं हे म्हणाले. ते खरंच होतं. पण मला माहेरपणाला जायचंच नव्हतं. मला माझी चूल बघायची होती.

गावी पोचले तेव्हा प्रवरेच्या पात्रात बाया वाळू उकरून पाणी भरत होत्या. घरात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. रघू आणि शेवंता दोघंही रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. तरीही शेवंतानं मी येणार म्हणून गाडग्यात थोडा हुलगा राखून ठेवला होता. तिनं तो दळायला घेतला तशी मी म्हणाले, “आज मी करते.” ती बाजूला सरली.

मिरच्या मी नेहमीच्या दुप्पट घेतल्या. आबांना कळायला हवं होतं की कोण आलंय. ते जेवायला बसले. पहिल्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला. मी बघत होते. त्यांनी मान वर न करता वाटी पुढं केली, पण माझ्याकडं नाही, शेवंताकडं. तिनंही न विचारता वाटीत कच्च्या तेलाची धार सोडली. तिखट सोसेनासं झालं होतं त्यांना, आणि ते तिला माहीत होतं. मला नव्हतं. त्या एका धारेवर मी जेवढी जळले तेवढी लवंगीनंही कधी जळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. मी जरा कुचकटपणेच म्हणाले की आबांना तू चांगलंच आपलंसं केलंस. शेवंतानं हातातला देठ खुडला. मग खाली बघूनच बोलली.

“वन्सं, राग धरू नका. लगीन झाल्यापासनं असा एक दिस गेला न्हाई की आबांनी तुमचं नाव काढलं न्हाई. इंदी लसून ठेचायची, तू वाटतीस. इंदीची कडी बारीक व्हायची. दिसभर खडी फोडायची, सोलपटल्या हातानं मिरची वाटायची, आन् ऐकायचं काय, तर इंदी. लई राग यायचा मला तुमचा. अजून येतो.”

मी तिचे हात बघितले. चिरा पडलेले, त्यात मिरचीचा लाल रंग भरलेला. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी मला आनंद झाला होता, हे लपवून काय करू? नळाच्या घरात राहणारी मी, खडी फोडणाऱ्या बाईचा हेवा करत होते, आणि ती माझा. मी उठून तेलाची वाटी आणली आणि तिच्या तळव्यांना तेल लावलं. ती नको म्हणाली नाही. आम्ही दोघींनी एकमेकींची माफीबिफी काही मागितली नाही.

पुढं आबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नाही. आमचं घर भोपाळातच झालं. मुलं हिंदीत भांडतात, नातवंडं हिंदीत झोपेत बोलतात. गावी जाते तेव्हा ‘किती दिवस आहात?’ असं विचारतात, आणि भोपाळात अजूनही मला ‘महाराष्ट्रवाली’ म्हणतात. लांब गेलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांचं हेच होतं, दोन्हीकडं आपण पाहुणे.

परवा गेले तेव्हा शेवंताची सून शेंगोळे वळत होती. शेवंताला आता नीट दिसत नाही, तरी हातानं चाचपून ती म्हणाली, “जाड झाल्यात गं. आमच्या वन्संची कडी बघितली असतीस म्हंजी कळलं असतं.”

सुनेनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्या नजरेतला हेवा मला चांगला ओळखीचा होता. तिनं मला पाहुणी समजून पाहिलं नव्हतं. मी पाट ओढला आणि तिच्या शेजारी बसले.