रुखमाबाईंची गाणी असलेला कॉम्प्युटर

वडसा गावात नाटकांचा हंगाम सुरू झाला की लटारूभाऊंना दोन घास सुखाने खायची फुरसत नसते. नाटक मंडळ्यांची पोस्टरं तेच करून देतात. पूर्वी ते स्वतः रंगमंचाच्या कडेला ऑर्गनवर बसत आणि त्यांची बायको रुखमाबाई नायिका होऊन गात. घशाचं ऑपरेशन झालं, रुखमाबाईंचा आवाज गेला, उरली नुसती कुजबूज. तेव्हापासून भाऊंनी ऑर्गनही सोडला आणि हे पोस्टरांचं दुकान टाकलं. माणूस शांत, पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही.

दुकानातला कॉम्प्युटर जुनाट, पण रुखमाबाईंची गाणी त्यात होती, खेळ चालू असताना विंगेतून रेकॉर्ड केलेली. दुसरीकडे कुठेच नव्हती. कॉपी काढून ठेवा, असं कोणी सांगितलं की भाऊ म्हणत, "काढू ना. कुठी पळून राह्यली काय ते?" बायको बाजाराला गेली की ते हळूच एखादं गाणं लावत. तिच्यासमोर कधीच नाही. जखमेवर मीठ कशाला चोळायचं, असं त्यांना वाटे.

दसऱ्याला सगळ्यांनी आपापली हत्यारं पुजली. भाऊंचं हत्यार हेच. कुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूची जाडजूड माळ समोरून सोडली. पूजेची माळ सुकल्याशिवाय काढायची नाही, हा त्यांचा नेम.

दुसऱ्या दिवशी फुलांतून बोट घालून बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. सिस्टीम सापडत नाही, एवढंच ते यंत्र सांगत होतं. भाऊंनी मागच्या वायरी उपसून पुन्हा खोचल्या. बाजूचं झाकण उघडून धूळ फुंकली, रॅमची पट्टी खोडरबराने घासली. पुन्हा तीच अक्षरं.

दुरुस्ती करणारा निकेश आला, त्यानेही खूप वेळ खटपट केली आणि मान हलवली. "डिस्क खराब झाली दिसते, भाऊ. फॉरमॅट मारून नवीन सिस्टीम टाका लागते. आतलं सारं जाईन."

रुखमाबाई दारात उभ्या होत्या. त्या कुजबुजल्या, "टाकू द्या त्याले. गळ्यातलं गेलं, आता मशीनमधल्यासाठी काऊन रडता?"

"नाई," भाऊ म्हणाले. "धंदा बसला तरी चालते, पण फॉरमॅट नाई."

"मग माझ्या दुकानात नेऊन पाहतो," निकेश म्हणाला. "पण भरोसा देत नाई."

न्यायचं म्हटल्यावर माळ काढणं भाग होतं. भाऊंनी हात जोडले आणि ती उचलली. खाली पोस्टरं भरून न्यायचा पेनड्राइव्ह खोचलेला, त्यावर कुंकवाचं बोट. पूजेत त्यालाही मान द्यायचा, पण ताटात ठेवला तर नारळाच्या पाण्याने भिजेल, म्हणून भाऊंनीच तो तिथे खोचला होता आणि साफ विसरले होते.

निकेश हसू लागला. "मशीन आधी याच्यातच सिस्टीम शोधून राह्यली, भाऊ. इथी ते नाई, म्हणून अडली बिचारी." त्याने पेनड्राइव्ह उपसला, बटण दाबलं. यंत्र कुरकुरत सुरू झालं. भाऊ खुर्चीत बसले.

सगळं शाबूत आहे का पाहायला निकेशने समोर दिसली ती फाइल उघडली, आणि रुखमाबाईंचा भरदार आवाज दुकानभर घुमला. भाऊ बंद करायला धावले. रुखमाबाईंनी त्यांचा हात धरला. गाणं संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून.

"इतकी चांगली गात होती मी?" त्या कुजबुजल्या. "तवा तर तुमी नुसत्या चुका काढत होते."

भाऊंनी दुसरं गाणं लावलं आणि आपली खुर्ची रुखमाबाईंकडे सरकवली.