पाठीवरचा बुटाचा तुकडा

नव्वदच्या दशकात मी एका लष्करी रुग्णालयात त्वचा वॉर्डाचा नर्सिंग असिस्टंट होतो. माझं गाव न्हावरे, तिथून एसटीच्या अंतरावर. लढाईच्या गोष्टी ऐकायला येणाऱ्यांची माझ्याकडे निराशा होते. मी मलम लावायचो.

नाईक दत्ता राहू गावचा. भीमेपलीकडचा, म्हणजे घरचाच. बर्फातले बूट घातले की त्याच्या पायांची साल निघे, पाणी वाही. युनिटमध्ये आधी बुरशी ठरली, मग बहाणा. त्याची सेक्शन, दहा जणांची तुकडी, वर बर्फातल्या ठाण्यावर निघाली होती. कारण सापडलं तर दुसरे बूट घेऊन तोही जाणार. नाहीतर मेडिकल कॅटेगरी उतरून खाली स्टोअरमध्ये.

वॉर्डाचे डॉक्टर मेजरसाहेब, त्यांच्या सांगण्यावरून मी बुटाच्या कृत्रिम रबराच्या अस्तराचा तुकडा कापला. तो आणि रबरात घालतात ती रसायनं पट्ट्यांनी त्याच्या पाठीवर चिकटवली. ज्याची ॲलर्जी असेल त्याच्याखाली चट्टा उठणार.

"दो दिन. नहाना नहीं, पसीना नहीं," मेजरसाहेबांनी बजावलं.

"आन् खाजवायचं?" दत्ताने मला विचारलं.

"न्हाई."

"मग करू काय?"

"गप पड."

दुसऱ्या दिवशी जनरलसाहेबांची भेट. चालू शकणारे सर्व रुग्ण उन्हात रांगेत, असा हुकूम. घामाने पट्ट्या सुटल्या असत्या. मेजरसाहेबांनी दत्ताला चालता न येणारा ठरवून पंख्याखाली झोपवलं. जनरलसाहेबांनी त्याला संत्रं दिलं आणि गोळी कुठे लागली, विचारलं.

"पीठ पे जूता है, साब."

संध्याकाळी त्याची बायको शालन एसटीने आली. व्हरांड्यात मला गाठून म्हणाली, "भाऊ, काय न्हाई निघालं तर हे खालीच ऱ्हातील ना?"

"व्हय, वहिनी."

"मग न्हाई निघू द्या."

पट्ट्या काढल्या. बुटाच्या तुकड्याखाली चौकोनी लाल चट्टा, बारीक फोड. एका रसायनाखालीही तसेच. आणखी दोन दिवसांनी दोन्ही गडद झाले.

"पॉझिटिव्ह," मेजरसाहेब म्हणाले.

दत्ताने आरशात पाठ पाहिली आणि हसला. त्याला रबर नसलेल्या अस्तराचे बूट मिळाले. पाय कोरडे झाले. तो वर गेला.

हिवाळ्यात ठाण्यावर बर्फाचा कडा कोसळला. खाली रेडिओवर एवढंच आलं: "बाकी सब ओके. दत्ता नॉट फाउंड. ओव्हर." बर्फ वितळल्यावर तो सापडला. बूट पायात होते. पायांची त्वचा चांगली होती, असं त्याच्या सेक्शनमधल्या एकाने सांगितलं. मी विचारलं होतं.

पुढे राहूत पुतळा बसला. भाषणं झाली, बहुतेकांनी स्वतःबद्दल बोलून घेतलं. शिल्पकाराने पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट घडवले आहेत. पडदा हटल्यावर शालनवहिनी त्या गमबुटांकडेच पाहत राहिल्या.

"भाऊ, हे ह्यांना चालत न्हवतं."

"व्हय, वहिनी."

टाळ्या चालू होत्या.