आलीस?

आमचे मामा गाद्या भरायचे. विस्तव कापसाला जाळत नाही, अल्लाच दर वेळी जाळणं नव्याने घडवतो, असं त्यांचं ठाम मत. तरी दुकानात कुणी काडी ओढली की अंगावर धावून जायचे. म्हणायचे, "अल्लाला तशी सवय आहे. आपण कशाला निमित्त द्यायचं?"

सगळं जगच क्षणोक्षणी नव्याने घडतं, म्हणून रोज सकाळी ते मामीला विचारायचे, "आलीस?"

मामी फणकारायची, "गेले कुठे होते? रात्रभर तुमचं घोरणं ऐकत इथेच तर पडले होते."

परवा ऑपरेशननंतर बऱ्याच वेळाने मामांनी डोळे उघडले. आम्ही डॉक्टरांना बोलवायला धावलो. मामी जागची हलली नाही. त्यांच्या भुवईत अडकलेलं कापसाचं तूस काढत ती म्हणाली, "आलात?"