बाटलीआडचा मथळा

मेश्राम काका पेपर सरळ कधी वाचत नसत. रोज सकाळी गुढियारीतल्या आमच्या गल्लीमागच्या तलावावर जायचं, काचेची बाटली भरायची, पायरीवर पेपर अंथरायचा आणि मथळ्यावर बाटली धरून पाण्याआडून तो वाचायचा. अक्षरं लागली की स्वारी खूश. नाही लागली, तर दिवसभर त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं. जन्मभर रेल्वेत पाणी तपासलेला माणूस. निवृत्त झाला तरी खोड गेली नव्हती.

"पाण्याले रंग नसते, पोट्टे," ते मला म्हणत. "रंग दिसला का समजायचं, कोणाचं तरी पाप आहे."

हे पाप कुठून येतं, तेही त्यांना ठाऊक होतं. वस्तीची एक नाली थेट तलावात उतरत होती. तिच्या तोंडाशी पाणकणसाचं दाट रान होतं आणि त्यात पाणकोंबड्या घरटी करत. त्या रानामुळेच तलाव तग धरून आहे, असं काकांचं म्हणणं. "चायची गाळणी आहे थे. गाळणी फेकून कोणी चाय पेते का?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. लोक इथल्या बोलीत "हव, कका" म्हणत आणि हातातली पिशवी पाण्यात भिरकावून पुढे जात. मग काका शिव्या देत गुडघाभर पाण्यात उतरत.

तलावांच्या कामांना सरकारी निधी मिळतो असं कळलं, तेव्हा ते माझ्या दुकानात आले. मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. त्यांची मागणी दोन ओळींची होती: नाली दुसरीकडे वळवा, रानाला हात लावू नका. अर्ज तीनदा परत आला. तोवर काकांना दम लागायला लागला होता. मुलगी नागपूरला या म्हणून मागे लागली होती. "नाली बंद झाली का येतो," एवढंच त्यांचं उत्तर.

चौथ्या वेळी मी एक शहाणपणा केला. कामाचा प्रकार यादीतून निवडायचा होता. त्यात नाली वळवणं नव्हतं. पाणकोंबड्या तर नव्हत्याच. मी 'सौंदर्यीकरण' निवडलं.

"हे काहून?" काकांनी विचारलं.

"पहले मंजूर तर होऊ द्या, काका. खाली तुमचं सारं लिहिलं आहे न."

"तू लिहून राहिली, म्हणजे बराबरच असन," म्हणत त्यांनी सही केली.

निधी मंजूर झाला. काकांनी गल्लीभर पेढे वाटले. मग पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी जेसीबी आला, तो थेट पाणकणसात शिरला. काका अर्जाची प्रत घेऊन धावले. ठेकेदाराच्या माणसाने ती नीट वाचली. "दादाजी, आवेदन तो आपका ही है. सौंदर्यीकरण लिखा है. झाडी रखेंगे तो सुंदर कैसे दिखेगा?"

"अंडे हैं भैया, अंदर अंडे हैं," काका चिखलात उभे राहून ओरडत होते. यंत्र थांबलं नाही. मी पायरीवर होते. दुपारपर्यंत काठ गुळगुळीत झाला.

पुढे सिमेंट आलं, कठडा आला, रंगीत कारंजं आलं. नाली होती तिथेच राहिली; तिच्या तोंडावर तेवढी फरशी बसवली.

उद्घाटनाची बातमी फोटोसकट छापून आली, त्या सकाळी काका बाटली घेऊन पायरीवर बसले होते. मथळ्यावर बाटली धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि ती माझ्याकडे दिली. "वाच बरं. तुझे डोळे चांगले आहेत."

हिरव्या गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. मला रडू कोसळलं. "काका, हे माझ्यामुळं झालं."

"सही माझी आहे," ते म्हणाले आणि कठड्याला धरून उठले.

त्याच आठवड्यात ते नागपूरला गेले. फोनवर सगळ्या गल्लीची चौकशी करत. तलावाचं नाव मात्र एकदाही काढलं नाही. एक दिवस मुलीचा फोन आला, काका गेले.

बाटली ते माझ्याच दुकानात ठेवून गेले होते. सही त्यांची असली तरी शब्द मी निवडला होता. रोज सकाळी मी ती बाटली भरते, मथळ्यावर धरते. अजून एकही अक्षर लागलेलं नाही.